तळमजला सांभाळा

फ्लॉरिडाच्या आखाती किनाऱ्यावरच्या जुन्या कॉन्डो इमारतींनो,



तुमच्यापैकी पुष्कळजणी १९६० ते १९८० च्या दशकांत उभ्या राहिल्या. बेटाची चिंचोळी पट्टी, समोर आखात, मागे खाडी आणि मध्ये तुम्ही. वरचे सगळे मजले राहण्याचे, सज्जात उभं राहिलं की सूर्यास्त दिसणारे. तळमजल्यावर मोटारी, लॉबी, विजेची मुख्य खोली, पाणी वर चढवणारे पंप आणि लिफ्टचा खड्डा. ज्यांनी तुम्हाला बांधलं त्यांनी राहती घरं उंचावर नेली, हे चांगलंच केलं. पण त्या घरांना चालतं ठेवणारं सगळं त्यांनी खाली ठेवलं. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या खालच्या गोष्टींबद्दल.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलेन वादळ टॅम्पा उपसागराला वळसा घालून, किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर लांबून उत्तरेला गेलं. ते जमिनीवर चढलं पार वर, पेरी गावाजवळ. तरीही क्लिअरवॉटर बीच आणि सेंट पीटर्सबर्गच्या भरतीमापकांवर पाणी रोजच्या मोठ्या भरतीच्या सरासरीपेक्षा सहा फुटांहून वर गेलं. त्या मापकांनी इतकं पाणी पूर्वी कधी नोंदवलं नव्हतं. ही दोन्ही ठिकाणं ज्या पिनेलस काउंटीत आहेत, तिथे बारा माणसं मेली.

एवढ्या लांबच्या वादळाने एवढं पाणी कसं आणलं? चक्रीवादळाचे वारे आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. वादळ तुमच्या पश्चिमेकडून वर सरकत असलं की तुमच्या बाजूला वारे दक्षिणेकडून येतात आणि तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतात. समुद्र खोल असता तर ते पाणी तळाशी मागे फिरलं असतं. तुमच्या समोरचा आखाताचा तळ मात्र दूरपर्यंत उथळ आहे. पाण्याला खालून परतायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं, आणि उपसागराच्या चिंचोळ्या भागात शिरलं की आणखी चढतं. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ तुमच्या दक्षिणेला सिएस्टा की इथे धडकलं. त्या रात्री टॅम्पा उपसागरावर वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहिले आणि उपसागरातलं पाणी बाहेर ओढलं गेलं. वादळाची वाट थोडी उत्तरेला सरकली असती तर हेलेनच्या पाण्याने भिजलेल्या त्याच लॉब्यांत त्याहून खोल पाणी आलं असतं.

माझी ताई आणि भावोजी निवृत्तीनंतर तुमच्यासारख्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. हेलेनच्या पाण्याचा थेंबही त्यांच्या घरात शिरला नाही. फरशा कोरड्या, देव्हारा जागच्या जागी, ताईच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा हलल्या नाहीत. खाली मात्र लिफ्टचा खड्डा भरला होता आणि विजेच्या खोलीत पाणी मांडीपर्यंत चढून गेलं होतं. वीज नाही म्हणून लिफ्ट नाही. पंप बंद म्हणून सातव्या मजल्यावर नळाला पाणी नाही, संडासाच्या टाकीत पाणी नाही. गोड्या पाण्यात भिजलेलं स्विचगिअरही, म्हणजे विजेची मुख्य बटणं आणि जोडण्यांचे पॅनेलही, धोक्याचंच असतं. खाऱ्या पाण्याचं मीठ तर तांब्याच्या जोडांवर बसून राहतं आणि त्यांना आतून खात जातं. असं स्विचगिअर धुऊन-पुसून पुन्हा वापरता येत नाही, बदलावंच लागतं. आणि वादळानंतर साऱ्या काउंटीलाच ते हवं असल्यामुळे लवकर मिळत नाही. भावोजींच्या गुडघ्यांना सात मजले झेपणारे नव्हते. घर शाबूत असूनही ते दोघं कित्येक आठवडे घराबाहेर होते.

२०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कने हेच पाहिलं. रॉकअवे, कोनी आयलंड, रेड हुक या भागांतल्या उंच इमारतींत म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली. लिफ्ट नाही, पाणी नाही, अंधारे जिने, औषधं संपत आलेली. पाणी त्यांच्या घरात गेलंच नव्हतं. म्हणून मी म्हणते की तुमच्या दारात फ्लड बॅरिअर, म्हणजे पुराचं पाणी अडवणारी फळी किंवा दार, बसवायचा तर तो लॉबीतल्या संगमरवरासाठी किंवा मोटारींसाठी बसवू नका. तो विजेच्या खोलीसाठी, पंपांसाठी, लिफ्टच्या यंत्रणेसाठी बसवा. वादळ सरल्यावर माणसं किती लवकर आपापल्या घरी परततील, हे त्याच खोल्या ठरवतात.

तुमच्या जवळच एक उदाहरण उभं आहे. टॅम्पा जनरल हे मोठं रुग्णालय डेव्हिस आयलंड्सवर, अगदी पाण्याच्या काठाला आहे. त्यांनी २०१९ मध्ये दुमडून ठेवता येणारं पूररोधक कुंपण घेतलं. वादळाची सूचना आली की त्याचे पत्रे एकाला एक जोडून ते सगळ्या आवाराभोवती उभं केलं जातं. समुद्रपातळीपासून १५ फुटांपर्यंतचं उधाण अडवेल असा त्याचा हिशेब आहे. हेलेनच्या रात्री बाहेर पाणी आणि आत चालू रुग्णालय, हे चित्र जगभर पोचलं. तेव्हापासून कॉन्डोंच्या बैठकांत 'आपणही तसंच कुंपण घेऊ' ही मागणी स्वाभाविकपणे होते. मलाही ते चित्र पाहून आनंद झाला. पण त्याच रुग्णालयाने आपलं ऊर्जाकेंद्र समुद्रपातळीपासून ३३ फूट उंचावर बांधलं आहे, हे त्या चित्रात दिसत नाही. कुंपण हरलं तरी वीज हरणार नाही, अशी ती व्यवस्था आहे. शिवाय तिथे चोवीस तास पगारी माणसं आहेत आणि कुंपण उभं करण्याचा सराव आहे. यातलं काय तुमच्याकडे आहे आणि काय नाही, हे कुंपणाची किंमत विचारण्याआधी बघा.

आता पाण्याच्या जोराबद्दल, कारण बैठकांत उंचीची चर्चा फार सहजपणे होते. 'तीन फुटांची फळी घेतोच आहोत तर सहा फुटांची घेऊ' असं कुणीतरी म्हणतं. एक मीटर खोल उभं पाणी तुमच्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन जोर लावतं. दोन मीटर पाणी दोन टन लावतं. खोली दुप्पट झाली की जोर चौपट होतो आणि भिंत मुळातून उलथवणारा परिणाम आठपट. गॅरेजच्या सहा मीटर रुंद दारापुढे एक मीटर पाणी आलं तर तिथल्या बॅरिअरवर तीन टन भार आला, दोन मीटर आलं तर बारा. हे शांत पाण्याचं गणित आहे. त्यावर लाटांचे तडाखे आणि वाहून येणारे ओंडके, होड्या, मोटारी धरल्या की आकडे आणखी चढतात.

आणि हा जोर बॅरिअर स्वतःजवळ ठेवत नाही. तो दोन्ही बाजूंच्या खांबांना देतो, खांब भिंतीला देतात, भिंत पायाला. लोखंडी गजांशिवाय बांधलेल्या ब्लॉकच्या साध्या भिंतीवर तीन फुटांहून अधिक पाणी अडवू नये, असा अमेरिकेतल्या पूरसंरक्षणाच्या मार्गदर्शनातला जुना ठोकताळा आहे. तुमच्या तळमजल्यावरच्या किती भिंती तशा आहेत? चाळीस-पन्नास वर्षं खारी हवा खाल्लेल्या काँक्रीटमध्ये बॅरिअरचे बोल्ट रोवायचे आहेत. आतली सळई गंजून फुगली असेल, वरचा गिलावा पोकळ वाजत असेल, तर उत्तम ॲल्युमिनियमची फळीसुद्धा त्या बोल्टांसकट उखडून आत येईल.

इथे मला सर्फसाइडच्या शॅम्प्लेन टॉवर्स साउथची आठवण काढावीच लागते. ती तुमच्या पलीकडच्या, अटलांटिकच्या किनाऱ्यावरची, १९८१ मधली, बारा मजल्यांची, १३६ घरांची. २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ती कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्या रात्री वादळ नव्हतं, उधाण नव्हतं. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबवरचं पाणी नीट वाहून जात नाही, खालचं काँक्रीट खराब झालं आहे, हे अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी काढायची, यावर मालकांत मोठी ओढाताण झाली. अखेर ती ठरली, पण मुख्य काम सुरू व्हायच्या आतच सगळं संपलं. तुमच्या प्रत्येकीच्या बैठकीत हा प्रसंग कुणी ना कुणी काढतं, हे मला माहीत आहे. तो काढलाच पाहिजे. ज्या इमारतीने आपल्या खांबांची आणि स्लॅबची तपासणी करून घेतलेली नाही, तिने बॅरिअरचं दरपत्रक मागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारं बंद झाली तरी पाण्याला येण्याच्या वाटा पुष्कळ असतात. विजेच्या तारा ज्या नळकांड्यांतून इमारतीत येतात, त्यांची तोंडं बहुधा उघडीच राहिलेली असतात. सांडपाण्याच्या वाहिन्या भरल्या की मैलापाणी उलटं फिरून तळमजल्याच्या शौचालयातून वर येतं, म्हणून तिथे पाणी परत येऊ न देणारे व्हॉल्व्ह लागतात. हवा खेळती ठेवणाऱ्या जाळ्या, जुन्या पाइपांभोवतालच्या फटी, स्लॅबचे सांधे, हे सगळं एकेक करून बुजवावं लागतं. एवढं करूनही झिरपणारच, म्हणून आत उपसा पंप हवा आणि त्या पंपाला वीज देणारा जनरेटर पाण्याच्या वर हवा. बॅरिअर लावून उपसा पंपाची सोय न करणं हा मला सगळ्यात वाया गेलेला खर्च वाटतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ज्यांचं गॅरेज जमिनीखाली आहे, त्यांच्या भोवतालची वाळू उधाणात पाण्याने भरून जाते. आतलं गॅरेज कोरडं ठेवलं की ते पाणी खालून फरशीला वर ढकलतं. फरशी तेवढा भार सोसण्यासाठी बांधलेली नसेल तर ती फुगते, तडकते. मायामीच्या बाजूला तर जमिनीखालचा चुनखडक इतका सच्छिद्र आहे की निरभ्र दिवशी मोठ्या भरतीला पाणी खालूनच रस्त्यावर येतं. अशा ठिकाणी पाण्याला मुद्दाम आत येऊ देणं, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ देणं, हेच इमारतीच्या हिताचं असू शकतं. मग अडवायची ती फक्त विजेची खोली, तिची दारं जहाजाच्या दारांसारखी घट्ट करायची आणि जमेल तेव्हा ती खोलीच दुसऱ्या मजल्यावर न्यायची.

तुमच्यातल्या ज्या अगदी आखाताला तोंड करून, लाटांच्या पट्ट्यात उभ्या आहेत, त्यांना मी बॅरिअर सुचवणारच नाही. तिथे नव्या इमारतींचा नियमच असा आहे की खालचा भाग मोकळा ठेवायचा किंवा लाटेच्या माऱ्याने सुटून पडतील अशा हलक्या भिंती घालायच्या, म्हणजे लाट खांबांमधून निघून जाते. २०२२ मध्ये इयन वादळात फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढलं. तेवढ्या पाण्यापुढे आणि त्यावरच्या लाटांपुढे दारातल्या फळीचा काही उपयोग नाही. तिथे पैसे एकाच कामाला लावा आणि यंत्रं वर न्या.

आता उरता ज्यांना बॅरिअर खरोखर उपयोगी पडेल अशा तुम्ही, म्हणजे खाडीच्या बाजूच्या, दोन-तीन फूट पाण्याचा धोका असलेल्या, मजबूत भिंतींच्या. तुमच्यापुढचा मोठा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे. सुट्या फळ्यांचा बॅरिअर स्वस्त पडतो, पण तो कुणीतरी उचलून खाचांत बसवायचा असतो. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तुमच्या अनेक मालकांचा मुक्काम तेव्हा ओहायो, मिशिगन नाहीतर कॅनडात असतो, कारण ते थंडीपुरतेच येतात. जे उरतात त्यांतले बरेच सत्तरीपुढचे. मॅनेजर आणि पहारेकरी यांना स्वतःची घरं, मुलंबाळं आहेत. घरं सोडण्याचा सरकारी आदेश आला की त्यांनाही निघायचं असतं, आणि त्यांनी निघावंच. पाणी येण्याआधी दोन दिवस फळ्या कोण बसवणार, त्याला आधीच पैसे बांधून दिले आहेत का, फळ्यांच्या रबरी पट्ट्या उन्हाने चिरल्या आहेत का, बोल्टांची पेटी कुठे आहे, याची उत्तरं कागदावर नसतील तर फळ्या अडगळीत पडून राहतील. पाणी आलं की आपोआप उभं राहणारं दार महाग असतं. त्याला माणूस लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या खाचेत वाळू आणि पालापाचोळा साठला तर तेही अडकतं. एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची इमारत असेल तर मी तरीही तेच घ्यायला सांगेन आणि त्याची दर महिन्याची सफाई करारात लिहून घ्यायला लावेन.

पैशांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. सर्फसाइडनंतर २०२२ मध्ये फ्लॉरिडाने कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डोंची तीस वर्षांनी सक्तीची तपासणी आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी वेगळा राखीव निधी. हा निधी पूर्वी मालक मतदान करून टाळू शकत होते, त्या कायद्याने २०२४ च्या अखेरीनंतरच्या अंदाजपत्रकांत तो टाळायला बंदी घातली. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या सिंकिंग फंडाची ज्यांना सवय आहे अशा मराठी मालकांना यात नवल वाटत नाही. पण वर्षानुवर्षं हा निधी शून्यावर ठेवलेल्या इमारतींत मासिक वर्गणी एकदम चढली आणि पेन्शनवर जगणारी माणसं घर विकायला निघाली. त्या निधीच्या यादीत छप्पर आहे, खांब-तुळया आहेत, जलरोधन, वीज, नळ, खिडक्या आहेत. फ्लड बॅरिअरचं नाव त्यात नाही. कॉन्डोंसाठी राज्याने जी अनुदानाची योजना आणली ती वाऱ्यापासून बचावाची आहे, उधाणाच्या पाण्यापासून नव्हे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. हेलेनच्या रात्री पिनेलसमध्ये माणसं पाण्याने मेली. राज्याने यंत्रखोल्या उंचावर नेण्यासाठी आणि तळमजला सुरक्षित करण्यासाठी मदत दिलीच पाहिजे, आणि तुमच्या मालकांनी एकेकट्याने न रडता ती एकत्र मागितली पाहिजे.

खर्चाच्या दुसऱ्या बाजूला एक नियम आहे, तोही बैठकीत मांडा. पूरक्षेत्रातल्या इमारतीचं नुकसान तिच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत गेलं, तर दुरुस्तीपुरतं भागत नाही, ती इमारत आजच्या पूरनियमांत बसवावी लागते. उभ्या असलेल्या बहुमजली इमारतीला ते जवळजवळ अशक्य असतं. त्यापुढे विजेची खोली वर नेण्याचा खर्च किती लहान आहे हे आकड्यांत दाखवता येईल.

एक मात्र कधीही होऊ देऊ नका. बॅरिअर बसला म्हणून कुणी 'आता निघायची गरज नाही' असं म्हणता कामा नये. तुमच्याकडचे आपत्ती-अधिकारी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. तुमचा तळमजला कोरडा राहिला तरी बेटाचा पूल बंद असेल, रस्त्यावर पाणी असेल, रुग्णवाहिका येणार नाही. हेलेनमध्ये सेंट पीटर्सबर्गचं एक सांडपाणी केंद्रच काही काळ बंद करावं लागलं. त्या भागातल्या लोकांना आंघोळ करू नका, संडासात पाणी सोडू नका असं सांगितलं गेलं. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या पेटल्या, त्याही काही घरांच्या गॅरेजांत. अशा रात्री तुमच्या पोटात एकही माणूस असू नये.

ताईच्या इमारतीत फ्लड बॅरिअरचा प्रस्ताव यंदा मतदानाला येतो आहे. माणशी वर्गणी मोठी आहे, भावोजी अस्वस्थ आहेत, आणि तिने मला फोन करून काय करू म्हणून विचारलं. मी तिला सांगितलं की मत देण्याआधी तळमजल्याच्या भिंतींबद्दल अभियंत्याचा सहीशिक्क्याचा अहवाल माग. विजेची खोली दुसऱ्या मजल्यावर नेण्याचं अंदाजपत्रक वेगळं माग, आणि दोन्ही पैसे एकदम जमणार नसतील तर आधी विजेच्या खोलीच्या बाजूने मत दे. १ जूनच्या आधी एका शनिवारी सगळ्या फळ्या बाहेर काढून, बसवून, होजने पाणी मारून कुठून झिरपतं ते बघायचं, ही अट ठरावात लिहून घे. आणि त्याच कागदाला एक यादी जोडायला सांग. कुणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण चाकाच्या खुर्चीवर आहे, कुणाला गाडी चालवता येत नाही, आणि वादळाच्या दोन दिवस आधी त्यांना कोण घेऊन निघणार आहे. तुमच्या तेराव्या मजल्यावरच्या आजीचं नाव त्यात पहिलं घाल, असंही मी तिला म्हटलं.

तुमची हितचिंतक,
सातव्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाची धाकटी बहीण